छपराला ७८ हजार, कापसाला ठेंगा



मुळशी तालुक्यातले भूगाव तुमच्यापैकी कुस्तीच्या शौकिनांना ठाऊक असेल. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीचा आखाडा तिथे भरला होता आणि पुण्याचा अभिजित कटके गदा घेऊन गेला होता. आपल्याकडे जत्रेच्या फडातसुद्धा जोड पाहून कुस्ती लावतात. पोराला पैलवानापुढे उभे करून कुणी म्हणत नाही की बघा, आखाडा दोघांनाही सारखाच खुला आहे. असे म्हणायची हिंमत फक्त सरकारी योजनेत असते.

घराच्या छपरावर सौर पॅनल बसवण्याची योजना ही अशीच बिनजोड कुस्ती आहे. एका बाजूला भूगावचा स्लॅबचा बंगला आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ, बीड किंवा सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे पत्र्याचे घर. मधे दिल्लीचे पंच. ते सांगतात, योजना सर्वांसाठी आहे, अर्ज करा.

भूगावचेच नाव का घेतले, तेही सांगतो. पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याने निघाले की बावधन मागे पडते आणि भूगाव लागते. एके काळी ही भातखाचरांची वस्ती. आता तिथे गृहप्रकल्प, बंगल्यांच्या वसाहती, लॉन आणि रिसॉर्ट. मूळच्या शेतकऱ्याने जमीन गुंठ्याने विकली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, भाताने पोट भरले असते तर विकली नसती. पण आज तिथे राहायला आलेला वर्ग आणि आपण यांच्यात सरकारचा पैसा कसा वाटला जातो, हे बघायला इतके सोयीचे गाव दुसरे नाही. आणि मुळशी तालुक्याचे विजेशी जुने नाते आहे. त्याकडे पुढे येऊ.

योजना काय आहे

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आणली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपये. एक किलोवॅटचा संच बसवला तर ३० हजार रुपये अनुदान, दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा त्याहून अधिकला ७८ हजार. पैसे संच बसल्यावर, मीटर बदलल्यावर खात्यात जमा होतात. तोपर्यंत खिशातून घाला किंवा कर्ज काढा. कर्ज स्वस्त आहे, तारण लागत नाही, असे सांगतात.

हे झाले एकेकट्या घराचे. गृहनिर्माण सोसायटीसाठी वेगळा ताट मांडला आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि विजेवरच्या मोटारी चार्ज करण्याची सोय यांसाठी, किलोवॅटमागे १८ हजार रुपये, ५०० किलोवॅटपर्यंत. घरटी तीन किलोवॅट धरून ही मर्यादा आहे. मोठ्या सोसायटीने पूर्ण घेतले तर ९० लाख रुपये होतात. एका सोसायटीला, लिफ्ट चालवायला. कापूस वेचायला येणाऱ्या बाईला सावलीचे छप्पर बांधून द्यायला सरकारकडे पैसा नाही, लिफ्टला आहे.

आता हिशेब मांडू. हिशेब मांडायला आपल्याला कुणी शिकवायला नको, पेरणीपासून मोंढ्यापर्यंत तेच करत आलो आहोत.

महावितरणच्या २०२५ च्या दरात वहन आकार धरून घरगुती विजेचा दर पहिल्या १०० युनिटांना सहा रुपयांच्या आसपास, १०० ते ३०० युनिटांना बारा-साडेबारा, ३०० च्या वर साडेसोळाच्या पुढे. स्थिर आकार आणि वीज शुल्क सोयीसाठी बाजूला ठेवू. भूगावच्या बंगल्यात वातानुकूलन, गीझर, कपडे धुण्याचे यंत्र. महिन्याला ३५० युनिट लागतात असे धरा. पहिल्या शंभराचे ६००, पुढच्या दोनशेचे २,४००, वरच्या पन्नासाचे सव्वाआठशे. महिन्याला ३,८२५, वर्षाला जवळपास ४६ हजार. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चार युनिट देते. तीन किलोवॅटचा संच महिन्याला ३६० युनिट देईल. म्हणजे वर्षाचे ४६ हजार वाचले. संचाला एक लाख ९० हजार लागले असे धरा. ७८ हजार सरकारचे. उरलेले एक लाख १२ हजार अडीच वर्षांत वसूल. पॅनल चालते २५ वर्षे.

आता कोरडवाहूचे घर. चार दिवे, दोन पंखे, एक टीव्ही, मोबाईल. महिन्याला ६० युनिट. बिल ३६० रुपये, वर्षाला ४,३२०. एक किलोवॅटच्या संचाला ६५ हजार लागले, ३० हजार सरकारचे, ३५ हजार आपले. वसूल व्हायला आठ वर्षे. पॅनलने १२० युनिट दिली आणि ६० वापरली तर उरलेली ६० गेली ग्रिडमध्ये. त्यांचा हिशेब वर्षअखेरीला, आणि आपण ज्या भावाने वीज घेतो त्या भावाने नव्हे.

सरकारचे वकील म्हणतील, लहानाला किलोवॅटमागे जास्त दिले आहे, पहिल्या दोन किलोवॅटना ३० हजार, तिसऱ्याला १८. कागदावर खरे आहे. पण आणखी एक भागाकार करा. भूगावच्या बंगल्याने अनुदानाचा एक पैसाही घेतला नाही, तरी त्याचे एक लाख ९० हजार साधारण चार वर्षांत वसूल होतात. चार वर्षांत दामदुप्पट व्हायला लागले आणि पुढची एकवीस वर्षे वीज फुकट, असा धंदा माणूस अनुदान नसतानाही करील. मग ते ७८ हजार कशासाठी दिले? जे तो करणारच होता ते करण्यासाठी. उलट पत्र्याच्या घरात अनुदानाशिवाय पंधरा वर्षे लागतात आणि अनुदान घेऊनही आठ. म्हणजे जिथे पैशाची गरज नाही तिथे ७८ हजार, आणि जिथे आहे तिथे ३० हजार देऊनही काम भागत नाही.

राज्यातले सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक महिन्याला १०० युनिटांच्या आत आहेत, हे मुख्यमंत्र्यांनीच २०२५ च्या जून महिन्यात दर जाहीर होताना सांगितले. मग या सत्तर टक्क्यांना न परवडणारी योजना 'घराघरासाठी' कशी झाली?

दात आहेत तर चणे नाहीत

धरा की एखाद्याने ठरवले, आठ वर्षे तर आठ वर्षे, बसवू. आधी छप्पर. एका किलोवॅटला शंभर चौरस फूट जागा लागते, वर सावली नको. पत्र्यावर पॅनल बसते, पण खालचे लाकूड ते वजन आणि वैशाखातले वादळ धरील का? मराठवाड्यातल्या माळवदाला भोके पाडली तर पावसाळ्यात घरात तळे. मग मीटर. मीटर आजोबांच्या नावावर, आजोबा वारून वीस वर्षे झाली, वारसांत तीन भाऊ आणि एक बहीण. मग बँक. पीककर्ज थकलेले, सिबिलचा आकडा पडलेला. तारण लागत नाही हे खरे, पण पत लागते, आणि पत कापसाच्या भावाने केव्हाच गेली.

आणि एवढे सगळे पार करून संच बसला, तर एक गोष्ट कुणी सांगत नाही ती ऐका. अनुदानातला हा संच ग्रिडला जोडलेला असतो. गावची लाईन गेली की छपरावर रणरणते ऊन असूनही पॅनल बंद पडते. ती यंत्राची चूक नाही. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून उलटी आलेली वीज लागू नये म्हणून ते मुद्दाम तसे केलेले असते. बॅटरी असेल तर घर चालते, पण बॅटरीला या योजनेत वेगळा पैसा नाही. भूगावला लाईन तासाभरात परत येते. तुमच्या गावात वळवाच्या पावसात खांब पडला तर किती दिवसांनी उभा राहतो, ते तुम्हीच सांगा. तेवढे दिवस दिवाही नाही आणि खात्यावर युनिटही नाही. ज्याच्या घरी वीज नियमित आहे त्याच्याच घरी सौर वीज नियमित बनते, अशी ही जादू आहे.

राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये गरिबांसाठी जोड योजना काढली हे मान्य करायला हवे. १०० युनिटांच्या आतल्या पाच लाख घरांना केंद्राच्या तीस हजारांवर आणखी रक्कम. दारिद्र्यरेषेखालच्या घराला १७,५०० रुपये, म्हणजे ५० हजारांच्या संचाला घरच्याने अडीच हजारच भरायचे. ज्याचे नाव यादीत असेल आणि छप्पर भक्कम असेल त्याने जरूर घ्यावे. उगाच तोऱ्यात राहू नये. पण एकूण ६५५ कोटी आणि पाच लाख घरे. त्यांतली दारिद्र्यरेषेखालची १ लाख ५४ हजार. सत्तर टक्के ग्राहकांच्या राज्यात हा चिमूटभर गुलाल आहे.

पैसा कुणाचा आणि जातो कुठे

अनुदान म्हणजे दिल्लीने घरून आणलेले पैसे नव्हेत. ते ७५ हजार कोटी आपण सगळ्यांनी भरले आहेत. कापसावर बोंडअळीसाठी जे रासायनिक औषध फवारतो त्यावर जीएसटी १८ टक्के आहे, आणि शेतकऱ्याला तो परत मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा सौर पॅनलवरचा १२ वरून ५ वर आला. फवारणीच्या औषधावरचा होता तिथेच राहिला. डिझेलवरचा कर वेगळाच. वर्षभर आपण आवळा देतो आणि कोहळा भूगावला जातो.

पण भूगावच्या बंगलेवाल्यालाही मी फार दोष देत नाही. कारण हा पैसा त्याच्या छपरावर फार वेळ थांबत नाही. तो पुढे जातो पॅनलच्या कारखान्यात. कसा, ते सांगतो.

परदेशी पॅनलवर सरकारने एप्रिल २०२२ पासून ४० टक्के आयात शुल्क लावले. २०२५ च्या अर्थसंकल्पात ते कमी केल्याची बातमी झाली. प्रत्यक्षात मूळ शुल्क २० टक्के केले आणि वर २० टक्के उपकर बसवला. बेरीज पुन्हा ४०. त्या उपकराचे नाव काय ठेवले आहे, ठाऊक आहे का? 'कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर'. पॅनल महाग करायचे, फायदा पॅनलच्या कारखानदाराचा, आणि नाव शेतकऱ्याचे. याशिवाय सूर्यघरचे अनुदान हवे असेल तर पॅनलही देशी आणि आतले सेलही देशीच लागतात. त्यांचा भाव बाजारातल्या परदेशी पॅनलपेक्षा बराच चढा. म्हणजे एका हाताने सरकार पॅनल महाग करते आणि दुसऱ्या हाताने ते घेण्यासाठी अनुदान देते. घरमालकाला वाटते आपल्याला ७८ हजार मिळाले. त्यातला मोठा वाटा महागलेल्या पॅनलच्या किमतीत कारखान्याला पोचता झालेला असतो.

आता हाच सरकारी हात कापसाशी कसा वागला ते पाहा. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होते. अमेरिकेने आपल्या कापडावर जकात चढवली, गिरणीमालक दिल्लीला गेले, आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शुल्क शून्य झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपली पहिली वेचणी बाजारात यायची ती नेमकी वेळ. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि खासगी व्यापारी त्याखाली भाव पुकारत होते. पॅनलच्या कारखानदाराला ४० टक्क्यांची भिंत; कापूसवाल्याची ११ टक्क्यांची काटेरी कुंपणसुद्धा काढून टाकली. ज्वारीबद्दल तर बोलायलाच नको. मालदांडीला २०२५-२६ मध्ये ३,७४९ रुपये हमीभाव कागदावर होता, तो किती जणांच्या हातात पडला ते बैठकीत हात वर करून सांगावे.

आम्ही आयातबंदी मागणारे नाही. बाजार खुला असावा, हेच म्हणत आलो. पण खुला तर सगळ्यांना खुला करा, किंवा कुंपण घालायचे तर सगळ्यांना घाला. माप एकच लावा.

आणि एवढा एक हिशेब मनात ठेवा: क्विंटलमागे ५०० रुपये बुडाले, तर दहा क्विंटल कापसामागे पाच हजार गेले. छपरावरचा एक किलोवॅट आपल्याला वर्षाला वाचवून देणार ४,३२०.

मुळशीची वीज

भूगाव ज्या तालुक्यात आहे, त्या मुळशीत विजेपायी शेतकरी उद्ध्वस्त होण्याची गोष्ट शंभर वर्षांपूर्वी घडली. टाटा कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती. मुळा नदीवर धरण बांधायचे, पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडायचे आणि वीज मुंबईला न्यायची असा बेत. सरकारने जमिनी संपादून कंपनीला दिल्या. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला; पुढे सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण मात्र झालेच. भूगाव त्या पाण्याखाली गेले नाही, धरण आणखी पश्चिमेला आहे. बुडाली ती वरच्या खोऱ्यातली भातशेती.

त्या विजेवर मुंबईत ज्या गिरण्या फिरल्या, त्यांत वऱ्हाड-खानदेशचा कापूस जात होता. मुळशीच्या भातवाल्याची जमीन आणि वऱ्हाडच्या कापूसवाल्याचा माल, दोन्ही स्वस्तात घेऊन तो धंदा उभा राहिला. हे आज सांगायचे कारण एवढेच की वीज ज्याच्या जमिनीतून, पाण्यातून किंवा उन्हातून निघते त्याला तिचा भाव ठरवण्यात आवाज नसतो, ही रीत तेव्हाची आहे.

आता ऊन आपले आहे. कोरडवाहूच्या नशिबी पाणी नाही, पण ऊन भरपूर. राज्य सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत कंपन्या आपल्याकडच्या माळावर पॅनल उभारतात. त्यांना महावितरणचा २५ वर्षांचा करार मिळतो, युनिटला तीन रुपयांच्या आसपास, ठरल्या भावाने. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख. कंपनीला २५ वर्षांची हमी मिळते, तर छपरावर तीच वीज बनवणाऱ्या शेतकऱ्याला का नाही? त्याच्या वाट्याला ३० हजारांची भीक आणि वर्षअखेरीची बेरीज-वजाबाकी. वीज तीच, ऊन तेच, तार तीच.

भाव देऊन पाहिलेले देश

जर्मनीने एप्रिल २००० मध्ये कायदा केला. अनुदानावर भर देण्याऐवजी त्यांनी सांगितले, तुमच्या छपरावरून जी वीज ग्रिडमध्ये येईल तिला ठरलेला भाव वीस वर्षे मिळेल. कंपनी असो की शेतकरी, भाव मिळणारच. तिथल्या शेतकऱ्यांनी गोठ्यांची आणि कोठारांची छपरे पॅनलने भरून टाकली, कारण गोठ्याचे छप्पर आता पीक देत होते. त्यांचा सुरुवातीचा भाव फार चढा होता आणि त्याचा बोजा सामान्य घरांच्या बिलावर पडला. तो अधिभार अखेर २०२२ मध्ये काढावा लागला. तेवढा चढा भाव आम्हालाही नको. पण रीत पाहा: भाव दिला की माणूस उत्पादक होतो, अनुदान दिले की अर्जदार होतो.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे, नाव काढले की काहींना ठसका लागेल. पाकिस्तानात ग्रिडची वीज महाग आणि बेभरवशाची. चिनी पॅनल मात्र आयात शुल्काशिवाय येत होते. २०२४ या एका वर्षात तिथे सुमारे १७ हजार मेगावॅटचे पॅनल उतरले. कुठल्याही सूर्यघर योजनेची वाट न पाहता शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, घरवाल्यांनी आपापल्या पैशाने ते बसवले. त्यांच्या वीज कंपन्यांचे गणित त्यामुळे कोलमडते आहे, तो त्यांचा प्रश्न. पण पॅनल स्वस्त असेल तर शेतकऱ्याला ते घ्यायला कुणी हात धरून शिकवावे लागत नाही, हे तिथे दिसले.

आपल्याकडे पाटण तालुक्यात, साताऱ्याच्या डोंगरात, मान्याचीवाडी आहे. जेमतेम शंभर घरांची वाडी. २०२४ मध्ये ती राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. सगळ्या गावाचे मिळून १०० किलोवॅट. वाडीचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण तिथे काम झाले ते गाव एक होऊन उभे राहिले म्हणून. एकेकट्या अर्जदाराला पोर्टलवर सोडून दिले असते, तर त्या वाडीतही चार स्लॅबवाल्यांनीच पॅनल बसवले असते.

शहरवाले काय म्हणतील

म्हणतील, शेतकऱ्याने बोलू नये. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज त्याला फुकट आहे, आणि तिचा बोजा आमच्या बिलावर. यावर दोन गोष्टी. पहिली, कोरडवाहूच्या विहिरीला पाणी असते तर तो कोरडवाहू कशाला राहिला असता? फुकट वीज पाण्यावाल्याला. दुसरी, वरच्या टप्प्यातल्या चढ्या दराने जो बोजा उचलला जात होता, तोच टप्पा आता पॅनल बसवून मोकळा होतो आहे. दुपारी ग्रिडमध्ये वीज टाकायची, तेव्हा महावितरणकडे सौर विजेचा महापूर असतो; आणि रात्री आठ वाजता, वीज सर्वांत महाग असताना, तेवढीच परत घ्यायची, बरोबरीच्या हिशेबात. महावितरणने २०२५ च्या दरप्रस्तावात यावर हरकत घेतली तेव्हा शहरांतून केवढी ओरड झाली! मला शहरी ग्राहकाचा राग नाही. पण उद्या हे मोठे ग्राहक कमी झाले आणि १०० युनिटांच्या आतल्याचा दर वाढवायची वेळ आली, तर ठपका कुणावर येणार ते आजच लिहून ठेवा. 'शेतकऱ्यांमुळे वीज महागली' हे मथळे तयारच असतात.

आम्ही सौर विजेच्या विरोधात आहोत असे कुणी पसरवील. उलट आहे. ज्या भागात पाऊस दगा देतो तिथे ऊन हे एकच पीक बुडत नाही. त्या पिकाला आम्ही भाव मागतो.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा तो असा. पॅनलवरचे ४० टक्के काढा. कृषीच्या नावाचा उपकर तर आधी काढा. छपरावरून ग्रिडमध्ये जाणाऱ्या प्रत्येक युनिटला, कंपन्यांना देता तसा, किमान तेवढ्याच भावाचा २५ वर्षांचा करार द्या आणि पैसे दर महिन्याला खात्यावर टाका. ज्याचे छप्पर पॅनल धरत नाही, त्याला गावच्या सामाईक जागेवरच्या पॅनलमध्ये वाटा द्या आणि त्या वाट्याची वीज त्याच्या मीटरवर वळती करा. आणि आतापर्यंतच्या अनुदानाची तालुकावार यादी प्रसिद्ध करा. छपरावरच्या सौर संचांत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे असे सांगतात. चांगली गोष्ट. त्यातले नागपूर शहरात किती आणि काटोल, नरखेड, सावनेरच्या खेड्यांत किती, एवढेच आम्हाला हवे आहे. मुळशी तालुक्याचेही मागवू: भूगाव-बावधनला किती आणि धरणाच्या वरच्या वाड्यांना किती.

ठरावाला आकड्यांचे बळ लागते. बैठकीला येताना प्रत्येकाने घरच्या मीटरचे गेल्या बारा महिन्यांचे बिल आणावे. ज्याने पॅनलसाठी अर्ज केला आणि नाकारला गेला, त्याने कारण कागदावर लिहून आणावे: छप्पर, मीटरवरचे नाव, बँक, की आणखी काही. ज्याच्या घरी संच बसला आहे, त्याने लाईन किती दिवस बंद होती आणि वर्षअखेरीला खात्यावर किती आले ते आणावे. बिल सापडत नसेल तर मीटरवरचा ग्राहक क्रमांक लिहून आणला तरी चालेल.